मतरूका : इस्तंबूलच्या जुन्या बाजाराचा इतिहास

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातून इस्तंबूलला जाणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. उमऱ्याला जोडून तुर्कीचे चार-पाच दिवस दाखवणारे टूरवाले आता तालुक्याच्या गावीही भेटतात. ‘अर्तुगरुल’ मालिकेने त्यात भर घातली. मंडळी आयासोफिया, तोपकापी, निळी मशीद पाहतात आणि मोठ्या बाजारातून रंगीत काचेचे दिवे, तसबी, मिठाई घेऊन परततात. त्यात काही थोडे असेही असतात, ज्यांना नव्या मालापेक्षा जुना माल खुणावतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरणारा किंवा मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर अर्धा दिवस घालवणारा माणूस परदेशात गेला तरी त्याचे पाय तिकडेच वळतात. मी त्यातलाच एक.

शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे पगार बेताचा आणि हौस मोठी. इस्तंबूलच्या सहा दिवसांतले जवळपास तीन दिवस मी जुन्या फर्निचरच्या आणि भंगाराच्या बाजारांत घालवले. कुठे काय मिळते, भाव कसा करायचा हे या लेखात थोडेफार येईल. पण मला अधिक सांगायचे आहे ते दुसरेच. हा माल बाजारात आला कुठून? कुणाच्या घरातून? आणि तो इतका स्वस्त का विकला गेला? या प्रश्नांची उत्तरे शोधताना जो इतिहास समोर येतो, तो आपण मराठी मुसलमानांनी तरी नक्की वाचायला हवा.

ओळखीचे शब्द

उर्दू जाणणाऱ्याला इस्तंबूलचा बाजार परका वाटत नाही. भाव करण्याला तिथे ‘पाझारलिक’ म्हणतात, त्यात आपला ‘बाजार’ आहे. पेटीला ‘सांदिक’, म्हणजे आपली संदूक. लिलावाला ‘मेझात’, हा अरबी शब्द. लिलावात बोली पुकारणारा तो ‘तेल्लाल’ किंवा ‘देल्लाल’, म्हणजे आपला दलाल. आशियाई काठावरच्या कादिकोय भागात जुन्या वस्तूंच्या दुकानांची एक गल्लीच आहे आणि तिचे नाव आहे तेल्लालजादे सोकाक. आपल्या भाषेत सांगायचे तर दलालजाद्यांची गल्ली. मी शिक्षक आहे असे कळले की दुकानदार ‘होजाम’ म्हणत. ‘होजा’ म्हणजे आपला ख्वाजा. तिकडे तो शिक्षकासाठी वापरतात.

याच संदर्भात आपले शब्दही पाहण्यासारखे आहेत. मराठीतला ‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून आला, आणि कपड्यांची ‘अलमारी’ही त्यांचीच. मराठवाड्यात आणि विदर्भात लिलावाला ‘हर्रास’ म्हणतात, तो अरबी ‘हराज’. कुठल्या समाजाने कुणाकडून कुठल्या वस्तू घेतल्या आणि कुणाच्या पद्धतीने विकल्या, याची नोंद भाषेत आपोआप होत असते.

जुन्या बाजाराला तुर्कीत ‘बित पाझारी’ म्हणतात. ‘बित’ म्हणजे ऊ. पॅरिसमधल्या अशाच बाजाराचे फ्रेंच नाव पिसवांवरून पडले आहे. जुन्या गाद्या, कपडे, गालिचे यांच्याबरोबर जे फुकट घरी येते त्यावरून दोन्ही भाषांनी नाव ठेवले. तुर्कीत एक म्हण आहे : जुन्याची रगबत असती तर बित पाझारीवर नूर बरसला असता. ‘रगबत’ आणि ‘नूर’ हे दोन्ही शब्द मूळ म्हणीत तसेच आहेत. आज मात्र ही म्हण खोटी ठरली आहे. जुन्याची रगबत इतकी वाढली आहे की नूर बरसो न बरसो, पैसा नक्की बरसतो.

बेदेस्तेन : जुन्या मालाचे जुने घर

इस्तंबूलच्या मोठ्या बाजाराला ‘कपालिचार्शी’, म्हणजे छपराचा बाजार म्हणतात. सुलतान मेहमद दुसरा याने १४५३मध्ये शहर जिंकले आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच या बाजाराचा गाभा, म्हणजे दगडी बांधणीचा बेदेस्तेन, उभा राहिला. त्याचे उत्पन्न आयासोफियाच्या वक्फला दिले होते. ‘बेदेस्तेन’ हा शब्द ‘बज्जाजिस्तान’पासून आला. बज्जाज म्हणजे कापडविक्या. आपल्याकडचे ‘बजाज’ हे आडनाव त्याच शब्दाचे.

बेदेस्तेन हे नुसते दुकान नव्हते. जाड भिंती, लोखंडी दरवाजे, रात्रीचा पहारा, यामुळे लोक मौल्यवान वस्तू तिथे ठेवायला देत. माणूस वारला की काजीच्या वतीने त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी होई. या यादीला ‘तेरेके’ म्हणत, म्हणजे उर्दूतला तरका. तांब्याची भांडी किती, उश्या किती, गालिचा कसा, कर्ज किती, सगळे लिहिले जाई. वाटणीसाठी गरज पडली तर वस्तू बाजारात जात आणि देल्लाल त्या पुकारून विकत. ओटोमन काळातल्या सामान्य माणसाच्या घरात काय होते हे आज आपल्याला कळते ते मुख्यतः या याद्यांमुळे. हलील इनालजिक यांच्यासारख्या इतिहासकारांनी बुर्सा शहराच्या काजीदफ्तरांवर काम करून तिथला व्यापार आणि समाज उभा केला.

या जुन्या याद्यांत खुर्च्या-टेबले फारशी सापडत नाहीत. ओटोमन घरात भिंतीला लागून बैठक असे, जेवायला मोठी परात आणि खाली घडवंची, झोपायला रात्री पसरायच्या गाद्या, आणि बाकी सगळे संदुकीत. आपल्या वाड्यांतून आणि मोहल्ल्यांतून असेच होते. खुर्ची, कपाट, आरशाचे टेबल ही मंडळी तिकडे १९व्या शतकात मोठ्या प्रमाणात आली. सुलतान अब्दुलमजीद पहिला याने बांधलेला दोल्माबाहचे राजवाडा १८५६मध्ये पूर्ण झाला आणि तो युरोपीय पद्धतीच्या सामानाने भरला. मग पाशांनी, मग व्यापाऱ्यांनी, मग मध्यमवर्गाने ते उचलले. हे सामान आणणारे, विकणारे, दुरुस्त करणारे लोक बरेचसे बेयोलू भागातले रूम (म्हणजे ग्रीक), आर्मेनियन, यहुदी आणि लेव्हंटाइन होते. वापरणारेही सुरुवातीला तेच अधिक होते. पुढचा इतिहास समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

मोठ्या बाजारात दुसरा एक बेदेस्तेन आहे, संदाल बेदेस्तेन. ‘संदाल’ हे एका कापडाचे नाव. युरोपच्या गिरण्यांच्या कापडाने इथले व्यापारी बुडाले. १९१४मध्ये ही इमारत नगरपालिकेने घेतली आणि पुढच्या वर्षी तिथे सार्वजनिक लिलावघर सुरू केले. या लिलावघराचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

जाणाऱ्यांचे सामान

इस्तंबूलच्या जुन्या बाजारात माल लाटांनी आला आहे. शहरात किंवा आसपास राजकीय उलथापालथ झाली, की काही महिन्यांत तिचे सामान बाजारात दिसू लागे.

१८७७-७८च्या रशियाबरोबरच्या युद्धात बाल्कन प्रदेशातून लाखो मुसलमान घरे सोडून पळाले. इस्तंबूलच्या मशिदी, खुद्द आयासोफियासुद्धा, या ‘मुहाजिरां’नी भरून गेल्या. बरोबर आणलेले विकत विकतच त्यांनी दिवस काढले.

नोव्हेंबर १९२०मध्ये लाल सेनेपुढे हरलेल्या जनरल व्रांगेलची जहाजे क्रिमियातून सुमारे दीड लाख रशियन माणसे घेऊन आली. त्यात सरदार होते, सैनिक होते, प्राध्यापक होते. चांदीचे चहाचे सामान, फरचे कोट, पदके, घड्याळे, सगळे इस्तंबूलच्या रस्त्यांवर विकायला आले. बेयोलूमधल्या ‘चिचेक पासाजी’, म्हणजे फुलांच्या गाळ्याला ते नाव तिथे फुले विकणाऱ्या रशियन बायकांमुळे पडले, असे सांगतात.

३ मार्च १९२४ला अंकाराच्या संसदेने खिलाफत रद्द केली आणि ओटोमन घराण्याला देशाबाहेर काढले. शेवटचे खलीफा अब्दुलमजीद दुसरे यांना रातोरात निघावे लागले. घराण्यातल्या अनेकांनी पुढे युरोपात दागिने विकून दिवस काढले. आपल्यासाठी ही गोष्ट लांबची नाही. याच खलीफांची मुलगी दुर्रेशेहवार १९३१मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांच्या थोरल्या मुलाची, आजम जाह यांची, बेगम होऊन हैदराबादला आली. म्हणजे तेव्हाच्या आपल्या मराठवाड्याच्या राजघराण्यात आली.

इथपर्यंतचा इतिहास आपल्याकडे बराच सांगितला जातो. मुसलमान निर्वासित झाले, खिलाफत गेली, शहजाद्यांना घर सोडावे लागले. खिलाफत चळवळीच्या आठवणीमुळे आपल्या मनात त्याला जागा आहे. पुढचा भाग मात्र आपण सांगत नाही.

१९४२ : घरातल्या खुर्चीचा लिलाव

दुसऱ्या महायुद्धात तुर्की लढत नव्हता, पण महागाई आणि टंचाई होती. ११ नोव्हेंबर १९४२ला पंतप्रधान शुक्रू सराजोलू यांच्या सरकारने ‘वारलिक वेर्गिसी’, म्हणजे संपत्तीकराचा कायदा केला. नाव सगळ्यांसाठी होते. प्रत्यक्षात करदात्यांच्या याद्या धर्मावरून केल्या गेल्या. मुसलमानांची एक यादी, ‘गैरमुस्लिम’ दुसरी, परदेशी तिसरी, आणि पूर्वी यहुदी असून मुसलमान झालेल्या दोन्मे लोकांची चौथी. ज्या व्यापारात मुसलमानाला ठरावीक कर लागला, त्याच व्यापारात रूम, आर्मेनियन, यहुदी माणसाला त्याच्या कित्येक पट लागला. कधी पाच पट, कधी दहा पट. भरायला मुदत पंधरा दिवस आणि दाद मागायला कोर्ट नाही.

मुदत टळली की जप्ती. दुकानातला माल, मग दुकान, मग घर, आणि घरातले सामान. पलंग, पियानो, गालिचे, जेवणाचे टेबल, शिवणयंत्र. यातले पुष्कळसे सामान संदाल बेदेस्तेनच्या लिलावघरात गेले. एकाच वेळी हजारो घरांचे सामान बाजारात आले की भाव काय राहणार? मातीमोल. लिलाव होऊनही ज्यांचा कर फिटला नाही, त्यांना जानेवारी १९४३पासून एर्झुरूमजवळच्या आश्काले इथे मजुरी करायला पाठवले. तिथे बर्फ उपसायचे काम होते. साधारण चौदाशे माणसे पाठवली गेली, सगळी गैरमुस्लिम. त्यातली २१ परत आली नाहीत. मार्च १९४४मध्ये कायदा मागे घेतला, तोवर सरकारच्या तिजोरीत ३१ कोटी लिरांच्या वर जमा झाले होते.

हे शत्रूने केलेले आरोप नाहीत. इस्तंबूलमध्ये ही करवसुली ज्यांच्या देखरेखीखाली झाली, ते महसूल अधिकारी फाइक ओक्ते यांनीच नंतर या कराच्या शोकांतिकेवर पुस्तक लिहून सगळे उघड केले. त्यांना त्याबद्दल शिव्याही खाव्या लागल्या. पुढे समाजशास्त्रज्ञ आयहान आक्तार यांनी जमीनजुमल्याच्या नोंदी तपासल्या. त्या काळात विकल्या गेलेल्या इमारती आणि जागा बहुतांशी मुसलमान व्यक्तींनी आणि सरकारी संस्थांनी घेतल्या होत्या.

१९५५ आणि १९६४

६ सप्टेंबर १९५५ला बातमी पसरली, की ग्रीसमधल्या सलोनिका शहरात मुस्तफा कमाल अतातुर्क यांच्या जन्मघरावर बॉम्ब टाकला. ‘इस्तंबूल एक्सप्रेस’ या वर्तमानपत्राने जादा आवृत्ती काढली. संध्याकाळी बेयोलूच्या मोठ्या रस्त्यावर, इस्तिकलाल जाद्देसीवर, जमाव घुसला. एका रात्रीत चार हजारांहून अधिक दुकाने आणि हजाराच्या आसपास घरे फोडली गेली, सत्तरहून अधिक चर्च उद्ध्वस्त झाली. लूट कमी, नासधूस जास्त. वरच्या मजल्यांवरून कपाटे, शीतकपाटे, पियानो खाली फेकले. त्या रात्रीच्या छायाचित्रांत रस्ता दिसतच नाही; सगळीकडे फाडलेल्या कापडाचे थान आणि मोडके सामान. पंतप्रधान अदनान मेंदेरेस यांच्या सरकारवर पुढे यास्सीआदा बेटावरच्या खटल्यात याचाही आरोप ठेवला गेला.

जे त्यानंतरही राहिले, त्यांच्यावर १९६४ आले. सायप्रसमधले भांडण तापले होते. मार्च महिन्यात तुर्की सरकारने १९३०चा ग्रीसबरोबरचा करार मोडीत काढला आणि इस्तंबूलमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या, पण ग्रीक पासपोर्ट असलेल्या सुमारे बारा हजार लोकांना देश सोडायला सांगितले. त्यांच्यातल्या अनेकांच्या बायका, नवरे, मुले तुर्की नागरिक होती. तीही गेली. मिळून चाळीस हजारांच्या आसपास माणसे. बरोबर नेता येणार होते २० किलो सामान आणि २० डॉलरच्या आसपास रक्कम. मागे राहिलेल्या त्यांच्या मालमत्तेचे व्यवहार नोव्हेंबर १९६४च्या एका गुप्त सरकारी आदेशाने गोठवले गेले.

२० किलो म्हणजे आपण उमऱ्याला जाताना विमानात देतो त्या बॅगेएवढे वजन. त्यात कपडे, कागद आणि फोटो बसतात. पलंग, आरसा, टेबल, खुर्च्या बसत नाहीत. ज्या आठवड्यात निघायचे त्याच आठवड्यात ते विकायचे. गिऱ्हाइकाला माहीत असते की समोरच्याला थांबता येणार नाही. तो सांगेल तो भाव. जिहांगीर, चुकुरजुमा, कुर्तुलुश या वस्त्यांतल्या घरांचे सामान असे उतारावरून खाली भंगारवाल्यांकडे गेले. आज ज्या चुकुरजुमात जुन्या फर्निचरची दुकाने पाहायला पर्यटक जातात, त्या वस्तीचा हा इतिहास आहे. १९२०च्या दशकात शहरात रूम लोक लाखाच्या घरात होते. आता दोन-तीन हजार उरले आहेत.

नोबेल पारितोषिक मिळालेले कादंबरीकार ओरहान पामुक यांचे ‘निरागसतेचे संग्रहालय’ याच चुकुरजुमात आहे. त्यांची कादंबरी २००८ची, संग्रहालय २०१२मध्ये उघडले. कादंबरीच्या ८३ प्रकरणांसाठी ८३ कपाटे आहेत आणि त्यात मीठदाण्या, किल्ल्या, चहाचे पेले, कुत्र्यांच्या चिनीमातीच्या मूर्ती अशा साध्यासुध्या वस्तू. त्यातल्या पुष्कळशा पामुक यांनी आसपासच्या जुन्या दुकानांतून वर्षानुवर्षे जमवल्या.

बाजारात फिरताना

आता थोडे व्यवहाराचे. फर्निचर पाहायचे तर फातिह भागातला होरहोर हा बहुमजली बाजार चांगला. तिथे झुंबरे, कपाटे, सोन्याच्या मुलाम्याच्या खुर्च्या भरलेल्या आहेत, आणि वरच्या मजल्यांवर त्यांची दुरुस्तीही चाललेली दिसते. किरकोळ वस्तूंसाठी फेरीकोयचा रविवारचा बाजार. मोठ्या बाजारात मात्र ‘जुने’ म्हणून जे दाखवतात त्यातले पुष्कळ नवेच असते. पितळेला आम्ल लावून काळे करतात, सुलतानाचा तुघरा कशावरही ठोकतात.

खुर्ची घ्यायची तर आधी उलटी करून पाहावी. बसण्याच्या चौकटीखाली कागदी चिठ्ठी किंवा ठसा असतो. वाफेवर लाकूड वाकवून केलेल्या व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीच्या खुर्च्या जगभर गेल्या. त्यांची १४ नंबरची खुर्ची १८५९ची. सुटे भाग करून अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसत, म्हणून त्या जहाजाने कुठेही पोचत. कंपनीचा मक्ता १८६९मध्ये संपल्यावर इतरांनीही त्या काढल्या. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत आपण ज्या खुर्च्यांवर बसून चहा प्यायलो, त्या याच जातीच्या. होरहोरमध्ये त्यांची रांग पाहून मला घरच्यासारखे वाटले.

घेतलेले सगळे आणता येते असेही नाही. तुर्कीच्या १९८३च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने सांस्कृतिक वारशात मोडणाऱ्या वस्तू देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. वस्तू जुनी वाटत असेल तर संग्रहालयाचा दाखला लागतो. आपल्याकडेही १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू बाहेर नेता येत नाहीत. म्हणून मी कपाटांच्या वाटेला गेलोच नाही. मी घेतला तो कॉफी ठेवायचा पत्र्याचा डबा, साधारण साठेक वर्षांपूर्वीचा असावा. त्यावर दोन लिप्यांत मजकूर होता, तुर्की आणि ग्रीक. मी दुकानदाराला विचारले, हा कुणाच्या घरचा? तो म्हणाला, “होजाम, आमच्याकडे येते ते सगळे गेलेल्यांचे असते.” गेलेले म्हणजे मेलेले की निघून गेलेले, हे त्याने सांगितले नाही. त्या शहरात दोन्ही अर्थ खरे आहेत.

एका शब्दाचा प्रवास

सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेला ओटोमन सरकारने एक कायदेशीर नाव दिले होते : ‘एम्वाल-इ मेत्रूके’. उर्दू वाचणारा हे लगेच ओळखेल. अम्वाल-ए-मतरूका, म्हणजे सोडून दिलेला माल. १९१५मध्ये आर्मेनियन लोकांना हाकलून दिल्यावर त्यांच्या घरादारांसाठी हा शब्द वापरात आला आणि त्यासाठी खास कायदा झाला. शब्दात एक लबाडी आहे. ‘मतरूका’ म्हटले की वाटते, मालकाने आपणहून सोडले. कुणी सोडायला लावले, हे शब्दातून गाळले जाते.

हाच शब्द पुढे आपल्या उपखंडात भेटतो. फाळणीनंतर पाकिस्तानात हिंदू-शीख घरांना, मंदिरांना, गुरुद्वारांना ‘मतरूका’ म्हटले गेले. तिथले मतरूका वक्फ इम्लाक बोर्ड आजही आहे. भारतात त्याच अर्थाने ‘इव्हॅक्यूई प्रॉपर्टी’ आले, १९५०चा कायदा आला, कस्टोडियन आले. जे पाकिस्तानात गेलेच नाहीत, पण ‘जाण्याच्या बेतात’ आहेत असा संशय होता, अशा मुसलमानांनाही काही काळ त्या कायद्याने धाकात ठेवले. उत्तर भारतातल्या कितीतरी घरांत कस्टोडियन हा शब्द आजही दबक्या आवाजात उच्चारला जातो.

आपल्या मराठवाड्यातही हे दोन्ही बाजूंनी घडले. रझाकारांच्या जाचामुळे अनेक हिंदू कुटुंबे घरे टाकून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेली. सप्टेंबर १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर पारडे फिरले आणि मुसलमानांच्या वस्त्या लुटल्या गेल्या. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात खुनांबरोबर त्या लुटीचीही नोंद आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. त्या दिवसांत कुणाच्या घरची तांब्याची घागर, कुणाचा पलंग, कुणाची शिवणयंत्रे कुठल्या गावच्या बाजारात किती पैशांना गेली, याची यादी कुठल्याही दफ्तरात नाही. जुन्या काजीने तेरेके लिहिला, तसा तो कुणी लिहिला नाही.

राजी-खुशी

खरेदी-विक्रीबद्दल आपल्या फिक्हची एक मूळ अट आहे : तराजी, दोघांची राजी-खुशी. हनफी मतात जबरदस्तीखाली, म्हणजे इकराहखाली झालेली विक्री सदोष मानतात. जबरदस्ती हटली की ती रद्द करण्याचा हक्क विकणाऱ्याला राहतो. पंधरा दिवसांत कर भरा, नाहीतर आश्काले, अशा वेळी विकलेल्या टेबलाला राजी-खुशी म्हणता येईल का? २० किलोच्या हुकुमाखाली विकलेल्या पलंगाला? ज्यांनी हे हुकूम काढले ते सरकार खिलाफतीचे नव्हते, स्वतःला सेक्युलर म्हणवणारे होते, हे खरे. पण लिलावात बोली लावणारे गिऱ्हाईक मुख्यतः कलमा पढणारे होते, हेही तितकेच खरे. या गोष्टीवर पांघरूण घालून चालणार नाही.

सत्तर-ऐंशी वर्षांनंतर एखादा डबा किंवा खुर्ची घेणाऱ्या प्रवाशाने गुन्हेगारासारखे वाटून घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. एवढ्या हातांतून गेलेल्या वस्तूचा मूळ मालक शोधणे बहुधा अशक्य असते. शिवाय सगळाच माल असा नसतो. आजोबा वारतात, नातवंडे छोट्या फ्लॅटमध्ये राहतात, कपाट विकले जाते. तो तरकाच, आणि हलाल. पण विचारणे शक्य असते. स्वस्त मिळाले म्हणून आनंद होतो तेव्हा, स्वस्त का मिळाले, एवढे तरी विचारावे.

तुर्कीतले लोक हे विचारू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. संपत्तीकरावर १९९९मध्ये तिथे एक चित्रपट आला आणि वादळ उठले. २००५मध्ये सप्टेंबर १९५५च्या छायाचित्रांचे प्रदर्शन बेयोलूत भरले, तेव्हा राष्ट्रवादी टोळक्याने येऊन छायाचित्रे फाडली. तरी प्रदर्शन भरले. २०१४मध्ये १९६४च्या हद्दपारीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा ‘२० डॉलर २० किलो’ नावाचेच प्रदर्शन इस्तंबूलमध्ये झाले. २०२१मध्ये आलेल्या ‘कुलूप’ या मालिकेत एका यहुदी आईची गोष्ट आहे, आणि त्यात संपत्तीकरही आहे, १९५५ही आहे. आपल्या ज्या घरांत ‘अर्तुगरुल’चे सगळे भाग पाहून झाले आहेत, त्यांनी ही मालिकाही पाहावी. तलवारीचा इतिहास पाहायला सोपा असतो. लिलावाचा इतिहास पाहायला धीर लागतो.

आपण या देशात अल्पसंख्य आहोत. घरावर नोटीस लागणे, दंगलीनंतर दुकान पडेल भावात विकावे लागणे, मोहल्ला सोडावा लागणे हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यामुळेच जिथे आपले लोक बहुसंख्य होते, तिथे शेजाऱ्याच्या घराचे काय झाले हे सांगण्याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते. आपल्या मतरूकाचा हिशेब मागायचा, तर दुसऱ्याच्या मतरूकाची यादीही वाचता आली पाहिजे. वर्गात उर्दू शिकवताना मी आता ‘तर्क’, ‘तरका’ आणि ‘मतरूका’ हे तीन शब्द एकत्र शिकवतो. तर्क करणे म्हणजे सोडणे, तरका म्हणजे मागे राहिलेले. तिसऱ्या शब्दाचा अर्थ सांगताना मुलांना एक प्रश्नही देतो : सोडले, की सोडायला लावले?